पानगळीतले खेळ आणि क्राफ्ट: छोट्यांच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानं गळायला लागली की दरवर्षी तेच प्रश्न येतात, कोणी मेसेज करून विचारतं, कोणी भेटल्यावर, आणि मी प्रत्येकाला तेच परत टाइप करत बसते. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतेय. मी कोणी एक्स्पर्ट नाही हां. घरात दोन पोरं, थोरली साडेपाच वर्षांची आणि धाकटा अडीचचा, आणि खिडकीत कायम वाळलेल्या पानांचा पसारा, एवढीच माझी पात्रता.

पानगळ म्हणजे नक्की कधी? शरद ऋतू म्हणायचं का?

इथे घोळ होतो खरा. इंग्रजीतल्या ऑटमला आपण शरद म्हणून मोकळे होतो, पण आपल्याकडे पानं गळण्याशी नाव जोडलंय ते शिशिराचं. त्यामुळे मी सरळ पानगळ म्हणते. उत्तर गोलार्धात ती साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. आणि जिथे कडक थंडी नसतेच तिथे बरीच झाडं कोरड्या दिवसांत पानं टाकतात, त्यामुळे कॅलेंडर बघण्यापेक्षा पायाखाली बघा. चालताना चुर्र चुर्र आवाज यायला लागला की सीझन सुरू.

किती वयापासून सुरू करता येतं? माझं बाळ तर अजून धड चालतही नाही.

बसता येत असेल तर बास. एक-दीड वर्षाच्या बाळाला क्राफ्ट वगैरे काही नको असतं, त्याला पान हातात घेऊन चुरगळायचं असतं आणि तो आवाज ऐकायचा असतो, मग तेच परत, मग परत. फक्त शेजारी बसून राहायचं कारण दुसऱ्या मिनिटाला ते पान तोंडात जातं.

दोन-तीन वर्षांचं मूल भरतं आणि ओततं. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पानं, परत पहिल्यात, बादलीभर पाचोळा इकडून तिकडे, आपल्याला वाटतं हे काय चाललंय पण त्यांचं ते फुल टाइम काम आहे. तीन-चारला मग ओवणं, चिकटवणं, ठोकणं जमायला लागतं आणि पाचच्या आसपास "मला घुबड करायचंय" असं स्वतःहून ठरवून येतात. वयाचं हे गणित अगदी ढोबळ आहे, माझी थोरली चार वर्षांची होईपर्यंत कात्री हातात धरत नव्हती आणि धाकटा आत्ताच कात्री मागतोय.

आम्ही बाहेर जातो पण नुसतं फिरून परत येतो. तिथे करायचं काय?

थोडं कमी चाला! खरंच. मोठ्या माणसाला पार्कला फेरी पूर्ण करायची घाई असते, मुलाला एका झाडाखाली अर्धा तास पुरतो. माझं ठाम मत आहे की क्राफ्टचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरच होतो, पिशवी भरताना. काय उचलायचं, काय टाकायचं, हे जास्त लाल का ते, हा सगळा विचार तिथेच होतो, घरी आल्यावर ग्लू लावणं हे शेपूट आहे फक्त.

तरी सुरुवात करायला काहीतरी हवंच असेल तर अंड्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, प्रत्येक खळग्यात आतून एकेक रंग लावा, पिवळा, केशरी, तपकिरी, गडद लाल, हिरवा, आणि मुलाला सांगा प्रत्येक घरात त्याच रंगाचं काहीतरी आणून टाक. आमच्याकडे पहिल्यांदा हा खेळ केला तेव्हा मी हौसेने एक खळगा जांभळा रंगवून ठेवला, आणि सगळं भरलं तरी जांभळं काही सापडेना. रडारड होणार असं वाटलं तेवढ्यात थोरलीने एका जुन्या पानाची मागची बाजू उलटून दाखवली, देठाजवळ खरंच जांभळट छटा होती. मी त्या पानावरून दोनदा पाय देऊन गेले होते.

दुसरा खेळ म्हणजे उतरंड. दहाबारा पानं सगळ्यात मोठ्यापासून सगळ्यात छोट्यापर्यंत जमिनीवर लावायची. किंवा रंगाची रांग, हिरव्यापासून पिवळा, मग केशरी, मग तपकिरी. किंवा एका दगडाभोवती गोल गोल रचत जायचं. हे तिथेच सोडून यायचं, वारा येऊन घेऊन जातो आणि मुलांना त्यातही मजा वाटते (पहिल्यांदा नाही वाटत, पहिल्यांदा भोकाड पसरतात).

आणि भिंगरी! मेपलच्या झाडाखाली पंख असलेल्या बिया पडतात, एक वरून सोडा, गरगर फिरत हळूहळू खाली येते. बी एका टोकाला जड आणि पंख हलका पातळ, म्हणून ती फिरते, फिरल्यामुळे पडण्याचा वेग कमी होतो आणि मधल्या वेळात वारा तिला झाडापासून लांब नेतो. मुलाला एवढंच सांगायचं, "बाळाला आईपासून लांब जाऊन घर बांधायचंय." मेपल नसेल तर कागदाची पट्टी अर्ध्यापर्यंत उभी चिरून दोन पंख उलट दिशांना दुमडा आणि खाली कागदाची पिन लावा, तशीच फिरते.

"पानं लाल का होतात?" विचारलं की काय सांगू? मला स्वतःलाच नीट माहीत नाही.

हा माझा आवडता प्रश्न. पानातला हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य, क्लोरोफिल, ज्याच्या मदतीने झाड उन्हातून स्वतःचं अन्न बनवतं. दिवस लहान आणि गार व्हायला लागले की झाड हे काम आवरतं घेतं, नवं क्लोरोफिल बनवणं बंद करतं आणि असलेलं मोडून त्यातलं कामाचं सामान परत आत घेतं. हिरवा गेला की खालचा पिवळा आणि केशरी दिसायला लागतो. म्हणजे पिवळा रंग नवीन आलेला नसतो, तो उन्हाळाभर तिथेच होता, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र वेगळा, अँथोसायनिन नावाचं ते रंगद्रव्य बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतं, आणि दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (पण बर्फाळ नाही) असेल तर लाल जास्त खुलतो. म्हणून एखाद्या वर्षी झाडं पेटल्यासारखी दिसतात आणि एखाद्या वर्षी नुसतीच मळकट.

गळतात का, तर देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे झाड पेशींचा एक थर तयार करतं, पान तिथून सुटतं आणि फांदीवरची जखम बंद होते. मुलांना हे दाखवता येतं. पडलेल्या पानाच्या देठाचं टोक बघा, कसं गुळगुळीत असतं, आणि हिरवं पान ओढून तोडलं की टोक कसं फाटकं दिसतं. माझ्या लेकीने यावर विचारलेलं की झाडाला खपली येते का. हो, अगदी तेच.

पानांच्या ढिगात उड्या मारू द्यायच्या का? सेफ असतं?

द्यायच्या, पण ढीग स्वतः घातलेला असेल तर. दुसऱ्याने रचून ठेवलेल्या किंवा बरेच दिवस पडून असलेल्या ढिगात काय असेल सांगता येत नाही, काटक्या, काच, कुत्र्याची शी, गांधीलमाशा, काही भागांत साळूसारखं काटेवालं हेजहॉग किंवा एखादा साप. ओल्या जुन्या ढिगात बुरशीही असते, मुलाला दम्याचा त्रास असेल तर त्यापासून लांबच ठेवा. आणि रस्त्याच्या कडेच्या ढिगात कधीच नाही, अजिबात नाही, गाडीवाल्याला आत मूल आहे हे दिसत नाही.

ताजी कोरडी पानं, मोकळी जागा, मुलाला छोटा पंजा किंवा नुसते हात द्या ओढायला. ढीग करण्यातच पंधरा-वीस मिनिटं आरामात जातात आणि मुलं जी दमतात, आहाहा, रात्री साडेआठला झोप.

काय काय गोळा करू द्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

आमच्या घरी एक नियम आहे, खाली पडलेलं आपलं, झाडावरचं झाडाचं. त्याने निम्मे वाद संपतात. पानं, काटक्या, साली, पिसं नाही (पिसं बघायची फक्त, काही देशांत रानपक्ष्यांची पिसं उचलणं कायद्यानेच बंद आहे), पाइन कोन म्हणजे पाइनच्या झाडाची ती खवल्याखवल्यांची बोंडं, ओकची फळं म्हणजे एकॉर्न, त्यांच्या छोट्या टोप्या. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात मात्र पडलेलंसुद्धा उचलायला बंदी असते बऱ्याचदा, बोर्ड वाचा. आणि सगळं साफ करून आणू नका, एकॉर्नवर खारी आणि पक्षी थंडी काढतात, मूठभर बास होतात.

कुठल्याही बेरीला हात नाही, लाल टपोरी चकचकीत असेल तर अजिबातच नाही. यू नावाच्या झाडाची लाल फळं दिसायला इतकी गोड असतात आणि आतली बी जहरी. मशरूम लांबून बघायचं, वाकून बघायचं, फोटो काढायचा, तोडायचं नाही. आणि हॉर्स चेस्टनटच्या त्या सुंदर तपकिरी बिया, ज्या हातात घेतल्या की सोडवत नाहीत, त्या खेळायला छान पण खायच्या नाहीत. खायचा चेस्टनट वेगळा, त्याच्या कवचावर बारीक केसांसारखे दाट काटे असतात, साळूसारखे, आणि हॉर्स चेस्टनटच्या कवचावर थोडेसेच जाड आखूड काटे. मी मुलांना हा फरक शिकवतच नाही, सरळ सांगते की जमिनीवरचं काहीच खायचं नाही.

माझा मुलगा सगळं तोंडात घालतो. मग हे सगळं बंदच ठेवू का?

बंद कशाला, सामान बदला. तीन वर्षांखालच्या मुलाला मोठी पानं, मोठे पाइन कोन, हाताएवढ्या काटक्या द्या आणि एकॉर्न, बिया, मणी, चिकटवायचे ते प्लास्टिकचे डोळे हे सगळं वर ठेवा. घरी तपासायची सोपी युक्ती म्हणजे टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी, जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती घशात अडकू शकते असं समजायचं. एकॉर्न तर हसत हसत जातं.

दोन वेगवेगळ्या वयाची मुलं असतील तर थोरल्याचं टेबल वर आणि धाकट्याची बादली खाली, असं आम्ही करतो. शंभर टक्के चालतं असं नाही, धाकटा खुर्चीवर चढतो. मग धाकटा झोपला की थोरलीचं बारीक काम.

बाहेरून आलं की साबणाने हात, खायच्या आधी तर नक्कीच. आणि गवताळ झुडपी भागात गेला असाल तर गोचीड बघा, काखेत, कानामागे, गुडघ्याच्या मागे, केसांच्या कडेला. सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ वर ओढायची, पिरगाळायची नाही, तेल-बिल लावायचं नाही. नंतर ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना सांगा की गोचीड चावली होती.

बरणीत एकॉर्न ठेवले होते, त्यातून पांढऱ्या अळ्या निघाल्या!! आता?

वेलकम टू द क्लब. आमच्याकडे शेल्फवरच्या काचेच्या बरणीत तळाशी पांढऱ्या जाडसर अळ्या वळवळत होत्या आणि प्रत्येक एकॉर्नला एक गोल भोक, एवढं गोल की ड्रिलने पाडल्यासारखं. तो एक सोंड्या किडा असतो, मादी उन्हाळ्यातच कोवळ्या एकॉर्नमध्ये अंडी घालते, अळी आतला गर खात मोठी होते आणि फळ खाली पडल्यावर भोक पाडून बाहेर येते, जमिनीत शिरायला. तिला बिचारीला माती हवी असते आणि मिळते आपली बरणी. मी किंचाळले, थोरलीने मात्र भिंग आणलं, मग आम्ही सगळ्या अळ्या नेऊन झाडाखाली सोडून आलो. त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं क्राफ्ट तेच होतं असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या वेळी आणल्या आणल्या पाण्यात टाका, तरंगतात ती बहुतेक पोखरलेली, ती परत बाहेर. बाकीची पुसून ओव्हनमध्ये ८०-९० अंश सेल्सिअसला तास-दीड तास, एका थरात पसरून, आणि अधूनमधून बघत. पाइन कोनलाही असंच करता येतं, खाली फॉइल घाला कारण चीक वितळून ट्रेला चिकटतो, आणि ओव्हन चालू ठेवून बाहेर जाऊ नका, चीक पेट घेऊ शकतो.

पानांचा रंग टिकवायचा कसा? दोन दिवसांत सगळी वळतात आणि तपकिरी होतात.

सगळ्यात स्वस्त आणि मस्त म्हणजे रद्दी. ताजी पडलेली, अजून लवचिक असलेली पानं पुसून कोरडी करायची, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये एकमेकांना न लागतील अशी ठेवायची, वर जाड पुस्तकांची चळत. एक-दोन दिवसांनी कागद बदला, हे लोक विसरतात आणि मग बुरशी येते. आठवडा ते दोन आठवडे लागतात. मुलांना दम निघत नाही, रोज उघडून बघायचं असतं, बघू दे.

पानं मऊ राहायला हवी असतील तर ग्लिसरीन. एक वाटी ग्लिसरीनला दोन वाट्या पाणी, पसरट भांड्यात पानं बुडवून वर हलकं वजन, दोन ते सहा दिवस, पानाच्या जाडीवर आहे. पान चामड्यासारखं लवचिक होतं, रंग जरा गडद होतो. मेणकागदात घालून इस्त्री करायची पद्धतही छान आहे, इस्त्री कोरडी, मध्यम गरम, वरून एक फडकं, आणि इस्त्री मोठ्यांच्याच हातात. मायक्रोवेव्हमध्ये पानं वाळवायचे व्हिडिओ फिरतात ते मी करत नाही, कोरडं पान आत पेटू शकतं.

यातलं काहीही केलं तरी रंग कायमचा नाही राहत, उन्हात लावलंत तर अजूनच लवकर उडतो.

अगदी सोपं, पहिल्यांदा करायला, कुठलं क्राफ्ट घेऊ?

पानाचा ठसा, खडूने घासून. यात फसायला फारसं काही नाही पण दोन गोष्टींवर अडतं. एक, पान पालथं ठेवायचं, म्हणजे शिरा वर, कारण उठावदार शिरा पानाच्या मागच्या बाजूला असतात. दुसरं, मेणखडूचा कागद सोलून काढायचा आणि खडू आडवा धरून घासायचा, टोकाने नाही. कागद पातळ हवा, साधा प्रिंटरचा चालतो, आणि हलू नये म्हणून कोपऱ्यांना टेप. मग घासता घासता आधी मधली जाड शीर येते, मग तिच्या फांद्या, मग एकदम काठ, आणि त्या क्षणी मूल हात थांबवून वर बघतं, की हे मी केलं? जादूच वाटते त्यांना. वरून पाणी घातलेल्या रंगाचा ब्रश फिरवला तर मेणावर रंग बसत नाही आणि शिरा चमकून उठतात.

अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी चिकट पारदर्शक पेपर खिडकीला लावा, चिकट बाजू आपल्याकडे, चारी बाजूंनी टेप. मूल त्यावर पानं लावतं, काढतं, परत लावतं, ग्लू नाही सांडासांड नाही, आणि ऊन आलं की मागून पानं उजळतात. आमच्या खिडकीत हे पार पुढचा सीझन येईपर्यंत असतं, लाज वाटते पण काढवत नाही.

ज्यांना ठोकाठोकी आवडते त्यांना हातोडी द्या, लाकडी छोटी. रसरशीत ताजं पान लागतं यासाठी, वाळलेल्यातून काही उतरत नाही, म्हणून हे पानगळीच्या सुरुवातीला करायचं. खाली लाकडी फळी, त्यावर सुती कापड, पान, वरून कागद, आणि ठोका. पानाचा रस कापडात उतरतो, अख्खा आकार येतो शिरांसकट. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

ओवणं पण छान. काटकीवर पानं भोसकत जायची, एक, दोन, दहा, पंचवीस, तयार होतं शिककबाबसारखं काहीतरी ज्याला आमच्याकडे सुरवंट म्हणतात. सुईदोऱ्याची गरजच नाही.

ग्लूने पानं चिकटतच नाहीत, निघून येतात. कुठला ग्लू वापरू?

ग्लू बदलू नका, पान बदला. पानावर मेणासारखा पातळ थर असतो आणि ताजं पान ओलं, त्यावर काही धरत नाही, आणि धरलं तरी पान वाळताना आक्रसतं आणि सुटतं. आधी दाबून वाळवलेलं पान घ्या, साधा पांढरा ग्लू पूर्ण मागच्या बाजूला पातळ लावा, वर तासभर पुस्तक. ग्लू स्टिक पानांसाठी जवळपास निरुपयोगी. काटक्या, पाइन कोन वगैरे जड सामानाला माती किंवा खेळायचा डो जास्त बरा, गोळा करून त्यात खोचायचं, मुलाला स्वतःला जमतं. हॉट ग्लू गन लागलीच तर ती आपण चालवायची, मुलाने बोट दाखवून सांगायचं कुठे लावायचं ते.

मिठाची कणीक पण करता येते, दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी थोडं थोडं घालत. लाटून त्यावर पान किंवा एकॉर्नची टोपी दाबून छाप घ्यायचा आणि अगदी मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास सुकवायचं. घरात कुत्रा असेल तर हे फार सांभाळून, एवढं मीठ त्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

पाइन कोनचं काही वेगळं सांगा, सगळीकडे तेच घुबड आणि तेच ट्री.

पाण्यात टाका. एवढंच. उघडलेला कोरडा कोन पाण्याच्या बाउलमध्ये बुडवून ठेवला की तासाभरात, कधी जरा जास्त वेळात, तो मिटतो, सगळे खवले आत. बाहेर काढून वाळत ठेवला की एक-दोन दिवसांत परत उघडतो. प्रत्येक खवल्यात दोन थर असतात, ओलाव्याने बाहेरचा थर जास्त फुगतो आणि आतला कमी, म्हणून खवला आत वाकतो. कोन झाडावरून पडलेला, मेलेला असला तरी हे चालतं, त्याला जिवंत असायची गरज नाही. झाडाचा फायदा असा की बिया कोरड्या वाऱ्याच्या दिवशी बाहेर पडतात आणि ओल्या दिवशी आत राहतात. एक कोन खिडकीबाहेर ठेवला तर हवा दमट की कोरडी ते त्याच्यावरून कळतं. आमच्याकडे सकाळी "कोन काय म्हणतोय" बघितल्याशिवाय रेनकोट ठरत नाही, आणि हो, कधीकधी तो साफ चुकतो.

आणि कोन खालून धरून बघा, खवले गोल फिरत गेलेत. एका दिशेने मोजले तर बऱ्याच कोनमध्ये ८ वेटोळी आणि उलट दिशेने १३. मोठ्या मुलांना दोन रंगांनी ती रंगवायला द्या, तासभर शांतता.

आमचं क्राफ्ट नेटवरच्या फोटोसारखं कधीच दिसत नाही. मी काय चुकतेय?

तुम्ही बहुतेक बरोबर करताय. ते फोटोतलं कोल्ह्याचं तोंड कोणीतरी पस्तीस वर्षांच्या बाईने केलेलं असतं. मीही एकदा थोरलीच्या घुबडाचे डोळे "जरा सरळ" केले होते, ती काही बोलली नाही, उठून गेली आणि मग उरलेलं घुबड मीच पूर्ण केलं. तेव्हापासून मी माझं वेगळं पान घेऊन बसते. मला डोळे सरळ लावायचेत तर मी माझ्या घुबडाला लावते.

आणि एखाद्या मुलाला क्राफ्ट नकोच असेल तर नको. काही मुलांना फक्त खड्डा खणायचा असतो. खणू दे.

पाऊस असेल, गारठा असेल तर?

जुने कपडे, वरून वॉटरप्रूफ, गमबूट, आणि एक कोरडा जोड पिशवीत. एका जाड जाकिटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, काढता घालता येतात. ओली पानं फरशीवर जाम घसरतात, तेवढं बघा. डबक्यात पानांच्या होड्या सोडा, कुठली आधी बुडते ते बघा, वर एकॉर्नची टोपी प्रवासी म्हणून.

चिखलात खेळायला त्याला अजिबात आवडत नाही, हाताला लागलं की रडतो.

मग जबरदस्ती नको. चमचा द्या, ब्रश द्या, लांब काठी द्या. चिखलातली भातुकली चमच्याने पण होते, जुनी पातेली, मातीचं सूप, वरून पानांचा चुरा. झिपच्या पिशवीत चिखल भरून बाहेरून दाबायला देता येतो. बरीच मुलं महिनाभराने स्वतःच एक बोट बुडवतात, काही नाही बुडवत, चालतं.

आजूबाजूला धड झाडंच नाहीत. जंगल वगैरे तर लांबच.

एक झाड पुरतं, खरं सांगतेय. फुटपाथवरचं असलं तरी. त्याला मुलाकडून नाव ठेवून घ्या आणि आठवड्यातून एकदा त्याच जागी उभं राहून त्याच झाडाबरोबर मुलाचा फोटो काढा, सालीचा हात लावून अंदाज घ्या, कुठल्या बाजूची पानं आधी गेली ते बघा. आमचं झाड रस्त्यावरच्या दिव्याला अगदी लागून आहे आणि दिव्याकडच्या फांदीवर पानं बाकी झाड रिकामं झालं तरी हिरवी असतात. झाड दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतं आणि दिव्यामुळे त्या फांदीला वाटतं दिवस अजून मोठाच आहे. हे थोरलीने पकडलं, मी नाही, मी चार वर्षं त्याच झाडाखाली गाडी लावत होते.

एका ॲक्टिव्हिटीला किती वेळ धरायचा?

तीन वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं टेबलावर म्हणजे खूप झालं. बाहेर मात्र दीड तासही कमी पडतो. तयारीला चाळीस मिनिटं आणि खेळ सहा मिनिटं असं होत असेल तर तयारी कमी करा.

सगळा कचरा साठतो घरात, टाकायला गेलं तर रडतात.

प्रत्येकाचा एक खोका, बुटाचा. भरला की नवीन आणायच्या आधी काहीतरी जुनं परत झाडाखाली नेऊन ठेवायचं, कचऱ्याच्या डब्यात नाही, परत बाहेर. त्याने रडं बरंच कमी होतं. नुसती पानं असतील तर एका भोकं पाडलेल्या पिशवीत ओलसर करून कोपऱ्यात ठेवून द्या, वर्ष-दोन वर्षांत काळी भुसभुशीत खत-माती होते, कुंड्यांना वापरा. ग्लिटर, रंग, ग्लू लागलेलं त्यात घालू नका. मी ग्लिटर घरात आणतच नाही, ते वेगळं दुखणं आहे.

कपड्यांचे डाग कसे काढायचे?

चिखल पूर्ण वाळू द्या, मग झटका, मग धुवा, ओला घासलात तर अजून आत जातो. पाइनच्या चिकाला हाताला साधं खायचं तेल चोळायचं मग साबण, कपड्याला थोडं सर्जिकल स्पिरिट, आधी आतल्या कोपऱ्यावर लावून बघा रंग जातो का.

आणि मशीन लावायच्या आधी खिसे उलटे करा. सगळे. आतला छोटा चोरखिसा पण. गेल्या सीझनला मशीनमधून खड खड आवाज येत होता म्हणून मी फिल्टर उघडला तर आत सात एकॉर्न, एक दगड आणि एक टोपी निघाली, आणि धाकटा मागे उभा राहून म्हणतो, "माझी आहेत ती, दे."